हमीपत्रात काचेचं वजन नसतं

मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की सोसायटी डिपॉझिट घेते, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती घेते आणि हमीपत्रावर सही घेते. काही बरंवाईट झालं तर जबाबदार सभासद, एवढाच त्याचा मथितार्थ. इंटिरियर डिझायनरलाही त्यात ओढावं का, असा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: सेफ्टी काँट्रॅक्टर बघेल, आमचं काम ड्रॉइंगचं. लंडनमध्ये याच व्यवसायात असल्याने मला हे अजिबात पटत नाही. अर्धे धोके ड्रॉइंगवरच जन्माला येतात.

शॉवरचं पार्टिशन घ्या. आठ फूट बाय तीन फूट, १२ मिमी टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच. दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ही एकच काच ६७ किलोंची. दादरच्या जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती उभी मावत नाही. मग जिन्याच्या वळणावर माणसं ती हातांवर पेलतात, आणि कोपरा पायरीवर आपटला की अख्ख्या काचेचा चुरा होतो. टफन्ड काच साइटवर कापताही येत नाही. तीच १० मिमीची, दोन भागांत दिली तर प्रत्येक भाग २८ किलोंचा. हा निर्णय फक्त डिझायनरच्या हातात असतो. मिस्त्रीपुढे काच येते ती तयार होऊनच.

ब्रिटनचे २०१५ चे सीडीएम, म्हणजे बांधकामाच्या डिझाइन आणि व्यवस्थापनाचे नियम इथेच बोट ठेवतात. मटेरियल आणि माप ठरवतो तो डिझायनर, मग तो फक्त इंटिरियर करत असला तरी. धोका आधी डिझाइनमधूनच काढायचा, निघत नसेल तर कमी करायचा, उरलेला काँट्रॅक्टरला लेखी कळवायचा. काम राहत्या घराचं असलं तरी यातून सूट नाही. आपल्याकडे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने उंबरठा १० कामगारांचा ठेवला. चार सुतार आणि एक लादीवाला असलेला फ्लॅट त्याच्या खालून निसटला.

ब्रिटनमध्येही कागदाचा रोग आहेच. जुन्या कामाच्या सेफ्टीची चाळीस पानं नाव बदलून पुढे सरकवली जातात. खरं तर नेहमीचे, सगळ्यांना ठाऊक असलेले धोके लिहू नका, वेगळे आणि मोठे तेवढेच लिहा, असं इथलं सरकारी मार्गदर्शनच सांगतं. ती थप्पी मुंबईत नकोच.

हवं ते ड्रॉइंगसोबतचं एक पान, मराठीत आणि हिंदीत. जड वस्तूंची वजनं आणि त्या वर न्यायची वाट. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी होकाराशिवाय हात लावायचा नाही ती भिंत. जुना अ‍ॅसबेस्टॉसचा पत्रा किंवा पाइप असेल तर तो कुठे, आणि त्यावर सुका ग्राइंडर चालवायचा नाही ही सूचना. पॉलिशच्या दिवशी कुठल्या खिडक्या उघड्या राहणार, तेही.

आणि डेब्रिज. विटा-प्लास्टरचा फूटभर उंच ढीग चौरस मीटरला चारशे किलोंच्या घरात जातो. घरातल्या खोल्यांची स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलोंच्या वापरभारासाठी, म्हणजे माणसं आणि सामानाच्या वजनासाठी धरलेली असते. ट्रक दोन दिवस आला नाही की गोण्या हॉलच्या मधोमध चढत जातात. त्या भिंतीलगत कुठे, किती थर ठेवायच्या, हे प्लॅनवर चौकोन आखून दाखवलं तर रोजावर आलेल्या बिगाऱ्यालाही कळतं.