कार्टूनमधला बाप

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, यावरून २०२५ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात रान उठलं आणि २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतले. त्या दिवसांत आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य दोन्हीकडून फेकलं जात होतं: ‘पोरं छोटा भीम बघून हिंदी बोलायला लागलीच आहेत.’ एकाचं म्हणणं, मग शाळेत शिकवायला कशाला हवी? दुसऱ्याचं, मग शिकवली तर बिघडलं कुठे? तिथून गाडी मराठीत कार्टून का होत नाहीत यावर घसरली. शेवटी आटपाडीच्या आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, निकाल दिला: कार्टून मराठीत हवं, त्यात महाराज हवेत आणि पोरांना संस्कार मिळायला हवेत.

आबांशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो. मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये राहतो. याच शहरात १९५३ मध्ये लुई अँडरसन नावाचा एक विनोदवीर जन्मला. अकरा भावंडांतला दहावा. घरात पैशांची ओढाताण, अंगाने लठ्ठ, त्यामुळे चिडवणाऱ्यांना तोटा नाही. स्टँडअपकडे वळण्याआधी तो अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी समुपदेशक होता. १९८४ मध्ये जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’मध्ये झळकला आणि देशभर पोचला. त्याच्या कार्यक्रमाचं भांडवल दोनच गोष्टींचं, स्वतःचं वजन आणि स्वतःचा बाप. त्यावरच फॉक्स वाहिनीने लहान मुलांसाठी ‘लाइफ विथ लुई’ ही ॲनिमेटेड मालिका काढली. १९९४ च्या डिसेंबरात नाताळचा विशेष भाग आला, मग १९९५ ते १९९८ मालिका चालली.

मालिकेत साहस असं काही नाही. विस्कॉन्सिनमधलं एक काल्पनिक गाव, आठ वर्षांचा गुबगुबीत लुई, मायाळू आई ओरा आणि दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला अँडी नावाचा बाप. हा बाप सतत करवादलेला. पोराने काहीही काढावं, याची गाडी युद्धावर येणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण आमच्या घरात महायुद्धाची जागा बहात्तरच्या दुष्काळाने घेतली आहे. भाजी आवडली नाही म्हणा, ‘आम्ही लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्यात’ सुरू. सायकल मागा, खडी फोडायला किती मैल चालत जात होते ते ऐका.

खरी गंमत पडद्यामागे आहे. छोट्या लुईचा आवाज अँडरसनचा, आणि बापाचाही त्याचाच. पोरगा बापाला घाबरतोय आणि बाप पोरावर ओरडतोय, दोन्ही एकाच माणसाच्या घशातून. या कामासाठी त्याला डेटाइम एमी हा टीव्हीचा पुरस्कार दोनदा मिळाला. पण ज्या बापाची तो नक्कल करत होता तो प्रत्यक्षात गमतीशीर नव्हता. ट्रम्पेट वाजवणारा, दारूत बुडालेला आणि घरादाराला शब्दांनी सोलून काढणारा माणूस. मेलेल्या बापाला उद्देशून लिहिलेल्या पत्रांचं पुस्तकच अँडरसनने १९८९ मध्ये छापलं होतं. म्हणजे कार्टून आलं तेव्हा हे गुपित नव्हतं.

कार्टूनमध्ये बाटली नाही. याला कुणी खोटेपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. त्याने बाटली काढली, पण ओरडणं ठेवलं, आणि शनिवारी सकाळी टीव्हीपुढे बसलेल्या पोराला तेवढं पुरतं. अंगणात स्कूटर स्टँडवर कशी आदळली यावरून आज बापाचं डोकं कसं आहे हे ओळखणारी पोरं आपल्याकडे काय कमी आहेत? त्यांच्यासाठी छोटा भीमच्या ढोलकपुरात राजा आहे, कुस्ती आहे, लाडू आहेत. महिनाअखेरीला चिडचिडणारा आणि रात्री गुपचूप पांघरूण घालून जाणारा बाप कुठे आहे?

आबांच्या संस्कारांचंही बघू. अमेरिकेत विनोदवीराच्या बालपणावरची सगळ्यांत गाजलेली मुलांची मालिका १९७२ मध्ये सुरू झालेली ‘फॅट अल्बर्ट’. फिलाडेल्फियाच्या वस्तीतली पोरं, आणि त्यांच्या गोष्टीतून काय शिकायचं हे सांगायला तो विनोदवीर, बिल कॉस्बी, स्वतः पडद्यावर हजर. या मालिकेच्या शैक्षणिक उपयोगावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेटही मिळवली. पुढे डझनावारी स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला, तुरुंगात गेला, आणि २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. संस्कारांची हमी उपदेशातून मिळत नाही, इतकंच मला म्हणायचंय.

तरी अमेरिकेची आरतीही ओवाळायची नाही. इथे बापाची टिंगल करायला मोकळीक आहे, तर तिचा साचा होऊन बसलाय. टीव्हीवरचा बाप म्हणजे सोफ्यावर लोळणारा बावळट, घरातल्या कुत्र्यालाही त्याच्याहून जास्त कळतं. याउलट आमच्या रविवारच्या मराठी शाळेत ‘माझे बाबा’ निबंध दिला की सगळ्या वह्यांत एकच बाप उतरतो: खूप कष्ट करतात, मला खूप आवडतात, आमच्यासाठी सगळं करतात. एका मुलीने तेवढं लिहिलं होतं, ‘बाबा ट्रॅफिकमध्ये मराठीत ओरडतात.’ ती वही शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली. खरा बाप फक्त त्या एका ओळीत होता.

नेत्यावर विनोद केला की स्टुडिओ फुटतो, हे २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत खारला दिसलं, आणि त्यावर बोलायलाच हवं. वडिलांवर केला तर काही फुटत नाही, फक्त दिवाळीला घरी कुणी नीट बोलत नाही. म्हणून आपले विनोदवीर चाळ काढतात, मास्तर काढतात, मावशी आणि शेजारी काढतात, आणि बापापाशी आले की आवाज जड करून कविता म्हणतात. अँडरसनने दोन्ही टाळलं. बापाला त्याने फोटोत बसवून हार घातला नाही, आणि नुसता बावळटही केला नाही. पोर घाबरतं आणि तरीही त्याच्याच मागे मागे फिरतं, हे त्याने दाखवलं.

असा बाप कुणी मराठी विनोदवीराने कार्टूनमध्ये आणला, तर भाषेचा जीआर काढावा लागणार नाही. ‘दप्तर कुठं भिरकावलंस रं, कार्ट्या’ हे हिंदीत ओरडताच येत नाही. दिल्लीच्या वाहिन्यांना हवं असेल तर त्यांनी डबिंग करून घ्यावं.