आनंदाची बातमी तुम्ही आधी कुणाला सांगता?

लहानपणापासून एकच ऐकत आलोय, अडीअडचणीला धावून येतो तोच खरा मित्र. त्या हिशोबाने मी एकदम चांगली मैत्रीण होते, कुणाचं ब्रेकअप असो, कुणाची आई ॲडमिट असो, रात्री दोनला फोन आला तरी मी हजर. आणि गेल्या वर्षी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला नवीन जॉब लागला ते मला तिच्या स्टेटसवरून कळलं. स्टेटसवरून! इतक्या वर्षांची मैत्री आमची. दोन दिवस रुसून बसले, मग न राहवून विचारलंच, अगं मला का नाही सांगितलंस? ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुला सांगितलं की तू काळजीच करायला लागतेस गं, मग मलापण भीती वाटायला लागते."

तेव्हा मला तो फोन आठवला. तिचं पहिलं चित्र विकलं गेलं होतं, बोलताना तिला धाप लागत होती आणि मी मेल टाईप करता करता "अरे वा, मस्तच" म्हटलं आणि लगेच पुढे, "पण नोकरी सांभाळून जमणारे का हे सगळं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "हो, बघू," म्हणाली आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केलाय. 2006 च्या त्यांच्या एका अभ्यासात 79 प्रेमी जोडपी होती, त्यांना एकमेकांशी चांगल्या आणि वाईट दोन्ही घटनांबद्दल बोलायला लावलं, आणि नातं किती घट्ट आहे, पुढे टिकतं की तुटतं याचा अंदाज वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीला जोडीदार कसा रिस्पॉन्स देतो त्यावरून जास्त नीट येत होता. त्यांनी रिस्पॉन्सचे चार प्रकार सांगितलेत: मनापासून खूश होऊन अजून विचारणं, नुसतं "छान" म्हणून सोडून देणं, त्यातल्या अडचणी काढणं, किंवा विषयच बदलणं. नात्याला फायदा फक्त पहिल्याने होतो. मी त्या एका फोनमध्ये दुसरा आणि तिसरा दोन्ही करून मोकळी झाले होते.

जोडप्यांच्या नात्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन तर याहून बारीक गोष्टींबद्दल बोलतात, म्हणजे कुणी नुसतं "बघ ना, चंद्र केवढा दिसतोय" म्हणतं तेव्हा आपण मान वर करतो की नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं त्यांनी निरीक्षण केलं, सहा वर्षांनी जी एकत्र होती ती अशा हाकेला 86 टक्के वेळा ओ देत होती आणि जी वेगळी झाली ती 33 टक्के. मला हा आकडा वाचून खरंच गलबलून आलं, कारण घरातसुद्धा किती वेळा मी मोबाईलमधून डोकं न काढता नुसतं "हं" म्हणते.

पण मग दुःखात मला जमतं आणि सुखात का नाही जमत? दुःखात आपल्याला काम असतं, आपण आधार असतो, आपली गरज असते. समोरच्याच्या आनंदात आपलं काहीच काम नसतं, नुसतं तिथे असायचं असतं. आणि अजून एक गोष्ट आहे जी लिहायला जड जातंय. मीपण कधीकाळी चित्रं काढायचे. अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी हे फार पूर्वीच मांडलंय की जी गोष्ट आपल्यालाही मनापासून हवी असते तिच्यात आपलंच जवळचं माणूस पुढे गेलं तर ते परक्यापेक्षा जास्त टोचतं. म्हणजे त्या दिवशीची ती "काळजी" सगळीच काळजी नव्हती.

अडचणींबद्दल बोलूच नये असं नाही म्हणत मी, पण ते दुसऱ्या दिवशी विचारता येतं ना, पहिला दिवस त्या माणसाचा असू द्यावा.

मागच्या रविवारी मीच तिला फोन केला, लॅपटॉप बंद करून, आणि त्या चित्राबद्दल विचारलं, इतक्या उशिरा. कुठलं होतं गं, कुणी घेतलं? आधी जरा जपूनच बोलत होती. निळ्या दाराचं होतं म्हणाली, आणि मग त्या निळ्यासाठी तिने तीनदा रंग खरवडून परत कसा लावला ते सांगायला लागली.