कुडूची शिंगं परतीच्या विमानात बरोबर येत नाहीत

नामिबियात पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्यांमध्ये कुडू आणि गेम्सबॉक या तिथल्या मोठ्या शिंगांच्या हरणांबद्दल एक संदेश फिरतोय : ‘कुडू, गेम्सबॉक मारा आणि शिंगं-कातडं परतताना सामानातच घेऊन या.’ हे चूक आहे. कातड्याला आधी जाड मीठ चोळून ते वाळवतात, कवटी उकळून तिला चिकटलेलं मांस सोडवतात. मग जंतुनाशक प्रक्रिया, पशुवैद्यकीय दाखला, निर्यात परवाना, आणि त्यानंतर कुठे पेटी मालवाहतुकीने निघते. यात कित्येक महिने जातात. हा खर्च सहसा सफारीच्या दरात धरलेला नसतो. पैसे भरण्यापूर्वीच तो लेखी विचारून घ्या, अगदी कळकळीनं सांगतो. हार्टमनचा डोंगरी झेब्रा तर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्याची कागदपत्रं वेगळी. मांस तिथेच राहतं.