मराठी व्हिडिओला मराठी कॅप्शन द्या

मराठी शॉर्टफिल्म, मुलाखती, रेसिपीचे व्हिडिओ. यूट्यूबवर सगळीकडे एकच पाहते: सबटायटल दिले असतील तर इंग्रजीत. मराठीत नाहीत. कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मराठी माणसाला मराठी लिहून दाखवायची काय गरज?"

गरज आहे! 2011 च्या जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची संख्या 50 लाखांच्या वर नोंदली गेली. सत्तरी ओलांडलेले आपले आईवडील, काका-मावश्या तर स्वतःला कर्णबधिर म्हणवतही नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवत राहतात, नाहीतर "तुम्ही बघा" म्हणून उठून जातात. त्यांना इंग्रजी ओळींचा काय उपयोग? ऐकू येणाऱ्यांनाही फायदा आहेच. गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले तर लोकांचं वाचन सुधारेल, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये मांडली आणि पुढे दूरदर्शनवर राबवलीही.

पण नुसते कॅप्शन असून भागत नाही, ते नीट हवेत. यूट्यूब आपोआप काढून देतं तो कच्चा मजकूर. त्यात आडनावांची वाट लागते, आणि कोण बोललं ते कळत नाही. तो हाताखाली घ्या, पण तसाच सोडू नका.

सगळ्यात जास्त घोळ वाक्य तोडताना होतो. मराठीत नकार शेवटी येतो. "मी उद्या त्याच्या लग्नाला येणार" एवढं एका कॅप्शनमध्ये आणि "नाही" पुढच्यात टाकलं, की वाचणाऱ्याला आधी होकारच दिसतो. ऐकणाऱ्याला बोलण्याचा सूर सावरून घेतो, वाचणाऱ्याकडे तो सूर नसतो. म्हणून क्रियापद आणि "नाही" एकत्र ठेवा. वाक्य लांब असेल तर अलीकडे, अर्थ पुरा होतो तिथे तोडा. एका वेळी दोनच ओळी. आणि पात्र उत्तर देण्याआधीच ते पडद्यावर आणू नका, विनोद तिथेच मरतो.

बोली बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती. मालवणी आजी "खंय गेल्लंस?" म्हणत असेल तर खाली "कुठे गेला होतास?" लिहू नका. ऐकू न येणाऱ्यालाही ती आजी मालवणीच भेटली पाहिजे.

आवाजांचंही तसंच. नुसतं [संगीत] लिहून काहीच कळत नाही. [लांबून ढोल-ताशा] लिहिलं की मिरवणूक जवळ येतेय हे समजतं. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली आणि माणूस दिसत नसेल, तर नाव लिहा: [आई, आतून]. पण पंख्याची घरघर, रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न लिहीत बसू नका. प्रसंग ज्या आवाजाने पुढे सरकतो, तेवढाच लिहा.

शक्यतो कॅप्शन व्हिडिओवर छापून टाकू नका, एसआरटी फाइल वेगळी जोडा. ती साधी मजकुराची फाइल असते, चूक सापडली तर नंतर सुधारता येते. आणि बघणाऱ्याला अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, डोळेही थकलेल्या आजोबांना तेच लागतं.

अपलोड करण्याआधी आवाज पूर्ण बंद करून अख्खा व्हिडिओ एकदा बघा. जिथे अडाल तिथे दुरुस्त करा. जमलं तर एखाद्या कर्णबधिर प्रेक्षकाकडून तपासून घ्या, आणि एडिटरला देता तसे त्या कामाचे त्यांनाही पैसे द्या.