श्यामची आई म्हणजे फळ्यावरचे पाच मुद्दे?

आज भाचीच्या वहीतला लाल शेरा बघितला आणि डोकं सणकलं. अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

नववीत आहे ती. शाळेनं 'श्यामची आई'वर प्रकल्प दिलाय. प्रश्न असा: "श्यामच्या आईची व्यक्तिरेखा तुमच्या शब्दांत लिहा." पोरीनं खरंच तिच्या शब्दांत लिहिलं. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीनं मारून विहिरीवर पाठवते, तो प्रसंग तिनं घेतला होता. तिनं लिहिलं होतं, "आईनं मारलं ते मला आवडलं नाही. पण लोक आपल्या मुलाला भित्रा म्हणतील याची तिला भीती होती. तो बुडेल याचीही असणार. दोन भीतींमधली एक तिनं निवडली."

मी ते वाक्य परत परत वाचलं. नववीतल्या मुलीचं आहे हो हे! आणि त्यावर आडवी रेघ. शेरा: "विषय सोडून. मुद्दे लिहा." शेजारच्या पानावर फळ्यावरून उतरवून घेतलेले मुद्दे आहेतच. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, स्वाभिमानी, धार्मिक. खाली चौकटीत संदेश: आईवडिलांचा आदर करावा.

अरे, मग पुस्तक कशाला वाचायचं? ही पाच विशेषणं कुठल्याही धड्यातल्या कुठल्याही आईला लावा, चालतात. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून हे पुस्तक लिहिलं. आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. त्या माणसाला आठवत होती ती आई मारते, मग मायेनं जवळ घेते. वसुलीला आलेला माणूस घराच्या अब्रूवर घसरतो तेव्हा त्याला ओसरीवरून चालतं व्हायला सांगते. कर्जानं आतून पोखरलेल्या घरात ती मुलांना ताठ उभं राहायला शिकवते. तिच्या स्वाभिमानात राग किती, लाज किती, भीती किती, हे शोधण्यातच तर सगळी गंमत आहे. ते शोधू लागलेल्या मुलीला तुम्ही सांगता, विषय सोडून!

आम्हाला नववीत मराठीला जे सर होते ते आज राहून राहून आठवतायत. माण तालुक्यातली शाळा, दुष्काळी मुलूख. ऑफ तासाला सर 'बनगरवाडी' वाचून दाखवायचे. परीक्षेला नव्हती, अभ्यासक्रमात नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची, पण आमच्यासाठी ती शेजारच्या वस्तीचीच गोष्ट होती. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर गोष्ट सांगतो. त्यात अंजीच्या, म्हणजे वाडीच्या कारभाऱ्याच्या (म्होरक्याच्या) पोरीच्या चोळीचं प्रकरण आलं. तिनं मास्तरला तालुक्याहून चोळी शिवून आणायला सांगितली, त्यावरून वाडीत कुजबुज झाली आणि कारभारी मास्तरवर बिनसला. सरांनी पुस्तक मिटलं आणि एवढंच विचारलं, "कारभारी चांगला माणूस का वाईट?"

वर्ग दुभंगला. मुली म्हणाल्या वाईट, नीट विचारून न घेता मास्तरवर संशय धरला. मुलं म्हणाली पोरीचा बाप आहे, त्याचं काय चुकलं. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याच्या घरची मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायची, त्यामुळे तो कितीदा गैरहजरच असायचा. हजर असला तरी तोंड उघडायचा नाही. तो उठला. "सर, त्याला राग चोळीचा नाही आला. आपल्याला न विचारता झालं, त्याचा आला."

सर खूश झाले, पण शाबासकी नाही दिली. म्हणाले, "कुठल्या ओळीवरनं म्हणतोस?" आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. तो पानं उलटत बसला. त्याला अडखळत वाचता यायचं, तरी कुणी हसलं नाही. मग त्यानं मागची पानं काढून दाखवली. मास्तर नवा नवा वाडीत आल्यापासून प्रत्येक गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर घालून, त्याच्या शब्दानं होत आलेली. आणि ही पहिली गोष्ट त्याला वगळून झालेली.

व्यक्तिरेखा शिकवणं म्हणजे आणखी काय असतं? माणूस काय करतो, काय बोलतो, कुठे गप्प राहतो ते बघायचं, त्यावरून काहीतरी म्हणायचं आणि म्हटलेलं पुस्तकात बोट ठेवून दाखवायचं. भाचीनं नेमकं हेच केलं होतं. प्रसंग दिला होता, कारण दिलं होतं. आमच्या सरांनी तिला विचारलं असतं, "दुसरी भीती कुठल्या ओळीत दिसली गं?" आणि ती पुस्तक घेऊन बसली असती. लाल रेघ मारायला कमी वेळ लागतो, एवढाच फरक.

हो, माहीत आहे, एका वर्गात साठ-सत्तर पोरं असतात, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. मान्य. तपासायला मुद्दे सोपे पडतात, हेही मान्य. पण मग प्रश्नात 'तुमच्या शब्दांत' लिहू नका. कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न ठेवायचा आणि त्या स्वमताचं उत्तर गाईडमध्ये छापून मिळायचं, हा मुलांशी केलेला खोटेपणा आहे. मुलांना तो लगेच कळतो. भाची आज मला म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी फळ्यावरचंच लिहीन." चिडून नाही म्हणाली, अगदी सहज म्हणाली. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

आणि ते 'संदेश' प्रकरण! कादंबरीचा आशय एका ओळीत चौकटीत कसा बसवता तुम्ही? 'बनगरवाडी'चा संदेश कुठल्याही नोट्समध्ये काय असेल ते मी न बघता सांगते: ग्रामीण जीवनाचे वास्तव दर्शन. आमच्या सरांनी शेवटचं पान होईपर्यंत आशयाचा 'आ' काढला नाही. मास्तरनं लोकांना गोळा करून तालीम उभी केली, उद्घाटनाला राजेसाहेब आले, आणि पुढे दुष्काळ पडून वाडीच उठली. सरांनी विचारलं, "मग तालीम बांधून काय मिळालं?" आम्ही मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी, घरी जाताना भांडत होतो. कुणी म्हणालं फुकट गेली. कुणी म्हणालं, बांधताना तरी वाडी एक झाली होती. मागच्या बाकावरचा तो म्हणाला, "पाऊस झाला की माणसं परत येत्यात. तालीम असंल तिथं."

हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते त्यानं घरून आणलं होतं, दरवर्षी बिऱ्हाड बांधून निघायचं आणि परत यायचं त्यातून. सरांनी ते खोडलं नाही. "हे तुझं झालं. आता माडगूळकरांचं काय ते शेवटच्या पानावर बघू," म्हणाले आणि आम्ही पुन्हा शेवटचं पान वाचलं. वाचकाचं कुठलं आणि लेखकाचं कुठलं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे एमएला त्यावर मोठमोठे शब्द ऐकले, पण पहिलं समजलं ते तिथेच.

माझ्या यादीत मराठी शिकवणारे बरेच जण आहात. तुमच्यावर राग नाही, तुमच्यातले कितीतरी जण मनापासून शिकवतात हे मी बघितलंय. माझं मागणं एवढंच आहे. स्वभावविशेष फळ्यावर लिहायच्या आधी एक तास, फक्त एक, मुलांना भांडू द्या. श्यामच्या आईनं मारलं ते बरोबर का चूक, यावर भांडू द्या. जो बोलेल त्याला ओळ शोधायला लावा. आणि काय काय उत्तरं आली ते इथे लिहा. भाचीला वाचून दाखवायची आहेत.