‘आधी नळकाम शिका’ म्हणणाऱ्या वाचकास

बागेला विजेच्या व्हॉल्वनं आपोआप पाणी देणाऱ्या माझ्या यंत्रणेवरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आपण लिहिता: “सोल्डरिंगला हात घालण्याआधी जरा नळकाम शिकला असतात तर बरं झालं असतं. व्हॉल्वच्या कॉइलला डायोड नाही, गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर स्प्रिंकलर नीट फिरत नाही, आणि व्हॉल्व उघडा असताना बोर्ड हँग झाला तर टाकी रिकामी होईल.”

डायोडचं बरोबर आहे; कॉइल बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज तो जिरवतो. रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच; त्याच्या मॉड्यूलवरचा डायोड रिलेच्या कॉइलपुरता; 12 व्होल्टच्या डीसी व्हॉल्वला वेगळा हवा. 1एन4007 डायोड लावला, पट्टीची बाजू प्लसकडे. आकृतीही बदलली. चूक कबूल करायला मी कचरत नाही.

पण नळकाम शिका? मला?

साहेब, शाळेत असल्यापासून मी वडिलांबरोबर रात्री दारं धरायला जायचो. लाइट यायची तीच मुळी रात्री. उसात पाणी कुठं फुटलंय ते अंधारात पायाला लागणाऱ्या गारव्यावरून कळायचं. पाइपच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्वमध्ये पालापाचोळा अडकला की विहिरीत उतरणारा मीच. पुढे गावात मोटारीचे मोबाईलवाले ‘ऑटो’ आले, वडील घरातून मिस कॉल देऊन मोटार चालू करू लागले. माझ्या या खटाटोपाचं बी तिथलं आहे, कुठल्या व्हिडिओतलं नाही.

पुण्यात घर घेतल्यावर बागेची सगळी पाइपलाइन मी स्वतः टाकली. टेफलॉन टेप आट्यांवर कुठल्या दिशेनं गुंडाळायची, हे मला झोपेतून उठवून विचारा. आपण मात्र टोपणनावाआडून बोलता. आपली बाग केवढी, कुठं, काही पत्ता नाही. निदान कुंडीत तुळस तरी आहे ना?

मुद्दा चुकीचा असता तर सोडून दिला असता. सूर खटकला. “शिकला असतात तर बरं” हे आमच्याकडे मास्तर म्हणायचे, तेही छडी हातात असताना.

दाबाचं म्हणाल तर दहा मीटर उंचीला एक बार दाब हे गणित आम्हीही केलंय. माझी टाकी सहा मीटरवर आहे. स्प्रिंकलर जरा सावकाश फिरतं, एवढंच. मोगऱ्याला पाणी पोहोचतं. जास्वंदीला मी झारीनं घालतो, आणि ते मला आवडतं.

राहिला हँगचा मुद्दा. वीज गेली तर नॉर्मली क्लोज्ड व्हॉल्व आपोआप मिटतो. बोर्डवरची ईएसपी8266 ही वायफाय चिप अडकलीच तर वॉचडॉग, म्हणजे तिच्यावर पहारा ठेवणारा टायमर, तिला रीस्टार्ट करतो. मागच्या महिन्यात टाकी रिकामी होत आली होती, नाही असं नाही. पण तो हँग नव्हता. राउटर बंद होता, प्रोग्राम वायफायची वाट बघत लूपमध्ये फिरत होता, आणि मध्ये डिले, म्हणजे थोडं थांबण्याची आज्ञा, असल्यानं दर वेळी हजेरी लागून वॉचडॉगला सगळं आलबेल वाटत होतं. याला हँग म्हणत नाहीत.

शेजाऱ्यांनी हाक मारली तेव्हा गच्चीवर धावत जाऊन मेन कॉक मीच हातानं बंद केला. नळकाम येतं म्हणूनच ना?