मला भुजंग डसला

गेल्या वर्षी मला कविता लिहायचा झटका आला. एक ओळ लिहायची, खोडायची, चहा प्यायचा, असे दोन महिने गेले आणि त्यात फक्त साखर संपली. शेवटी ओळखीतले एक रिटायर्ड मराठीचे सर म्हणाले, "आत काही घातलंच नाही तर बाहेर काय येणार की ओ? आपल्या सोलापूरचा शाहीर रामजोशी बघा, पंढरपूरला जाऊन आधी संस्कृत घोटलं त्यानं, मग लावण्या केल्या. पाठ करा आधी. मनाच्या श्लोकांपासून सुरू करा."

घरी येऊन हिशोब मांडला. 205 श्लोक, प्रत्येकी चार ओळी, ओळीत 12 अक्षरं, म्हणजे एकूण 9840 अक्षरं. आणि मला अजून आमच्या गॅसचा नंबर पाठ नाही.

पण नेटाने लागलो. सात रस्त्यावरून नवी पेठेत जाताना हेल्मेटच्या आत पुटपुटायचो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून विचारलं, "कुणाशी भांडलालाव ओ सकाळी सकाळी?" रामदासस्वामींशी, असं सांगितलं असतं तर त्याने रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं असतं.

साठेक श्लोक झाले आणि घोळ सुरू झाला. ह्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. एक लघु म्हणजे आखूड अक्षर, मग दोन गुरू म्हणजे लांब, असं ओळीत चारदा. लगागा लगागा लगागा लगागा. शब्द विसरायचे पण हे लगागा काही जाईना. बायको ज्वारीची भाकरी थापायला बसली की मला परातीतून लगागा ऐकू यायचं, एक हलकी थाप, दोन जोरात. मंडईत गेलो आणि तोंडातून आपोआप निघालं,

"अहो मावशी आज मेथी कशी हो?"

मावशींनी आधी मला नीट बघितलं, मग मेथीला, मग शेजारणीला. दहाची जुडी वीसला दिली. कवीला भाव करता येत नाही हे बायांना लगेच कळतं.

ऑफिसात तर कहरच. रजेचा मेल टाईप केला, "सरांना विनंती रजा द्या मला हो". पाठवल्यावर लक्षात आलं. सरांचा रिप्लाय आला, "तब्येत बरी आहे ना?" रजा मात्र मिळाली, दोन दिवस, न मागता एक जास्त.

आता हे सगळं प्रेरणा यावी म्हणून चाललेलं आणि प्रेरणा आली कधी, तर आमच्याकडे पाणी चार दिवसाआड, त्या दिवशी पहाटे साडेचारला उठून पाईप धरून बसलो होतो, नळातून नुसती फुसफुस हवा येत होती, आणि त्या फुसफुशीतून माझ्या आयुष्यातली पहिली स्वतंत्र ओळ आली,

पहाटे नळाला मुळी पाणि नाही

पाण्याची 'णी' ऱ्हस्व केली, पण वृत्तासाठी तेवढं चालतं म्हणे. अंगावर काटा आला हो! लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. दोन मिनिटं शांतता. मग वरच्या मजल्यावरच्या काकांचा रिप्लाय, जे उभ्या जन्मात बिलं आणि गुड मॉर्निंग सोडून काही पाठवत नाहीत,

रिकामी घरी तीन पिंपे बिचारी

मी तसाच पाईप हातात धरून ती ओळ परत परत वाचली. 'बिचारी'! मला दोन महिने लागले असते. जिन्यात गाठून विचारलं, काका, हे कसं काय? तर म्हणाले, "लहानपणी आज्जी म्हणून घ्यायची ओ, दोनशे पाचच्या दोनशे पाच, त्याशिवाय जेवायला वाढायची नाही."

बायको आता ग्रुपवरच्या कविता आवडीने वाचते. काकांच्या.